मदत हवी आहे : एक्स-रे टेक्निशियनसाठी डिप्लोमा की बीएस्सी?

नमस्कार मंडळी, आम्ही डिचोलीचे. धाकट्या बहिणीची बारावी सायन्स झाली, पीसीबी होतं, आणि तिला एक्स-रे, सीटी स्कॅन काढतात ना तेच शिकायचंय, अगदी मनापासून. दोन वर्षांचा डिप्लोमा करावा की सरळ बीएस्सी मेडिकल इमेजिंग? 2021 च्या कायद्याने या कामांसाठी केंद्राचं वेगळं कमिशन आलंय म्हणून मला डिग्रीच बरी वाटते, पण डिप्लोमावर नोकरी करणारं कुणी असेल तर खरं काय ते सांगा. शिकताना पेशंटवर हात बसायला हवा, नुसती पुस्तकं नकोत, तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) काही सोय आहे का की बेळगाव, मणिपालच गाठावं लागेल?

बाबांना रेडिएशनची भीती. मी सांगितलं, छातीवर टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा) असतो, तो दर तीन महिन्यांनी तपासतात, पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्टच्या वर डोस जाऊ देत नाहीत, आणि एमआरआय, सोनोग्राफीत तर एक्स-रे नसतातच. तरी मुलीच्या जातीला हे नको, हेच चाललंय. हे काम करणाऱ्या कुणी ताई इथे असतील तर प्लीज बाबांशी एकदा फोनवर बोलाल का?