उन्हाळी सेमिस्टरचे दिवस: आपल्या बेळगाव भागातल्यांनी लिहा की!

शहापूरकरीण:
सकाळी भाचीनं परीक्षेचं टाइमटेबल पाठवलं. ऐन वैशाखात पेपर, तेही शिवजयंतीच्या आगेमागे. बघितलं आणि माझे भूतरामनहट्टीचे दिवस असे डोळ्यापुढं आले की भाजी फोडणीला टाकायची थांबले.

मी तिथल्या, बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाची, मराठी विभाग. 2010 ला ते धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठापासून वेगळं झालं, त्यानंतरच्या सुरुवातीच्या बॅचमधली. पहिल्या सेमचं फारसं काही आठवत नाही, दुसरं मात्र सगळं आठवतं. फेब्रुवारीत वर्ग सुरू व्हायचे तेव्हा काकतीच्या पुढं हायवेला सकाळचा गार वारा लागायचा, बसमध्ये स्वेटर घालून बसायचो. मार्च संपेपर्यंत माळावर नुसता फुफाटा. आणि एखाद्या दिवशी चारच्या सुमाराला अंधारून येऊन वळीव कोसळायचा. तास चालू असला तरी सगळा वर्ग व्हरांड्यात. मॅडमसुद्धा.

आपल्याकडं शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची. चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, आणि माझा पेपर अगदी तोंडावर. बाबा म्हणाले, "पुस्तक घेऊन रामदेव गल्लीत मावशीकडं जा. वर बसून वाच, चित्ररथ आला की गॅलरीत ये." तशीच केली मी ती रात्र. भाषाविज्ञानाचं एक प्रकरण, एक चित्ररथ, परत एक प्रकरण. बाबांनी अभ्यास आणि मिरवणूक यातलं एक निवड असं म्हटलं नाही, याचं मला आज फार मोल वाटतं.

तुमचे दिवस सांगा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, कुठलेही असू द्या.

जांबोटीकर:
आमच्यात दुसरं सेम म्हणजे काजूची बोंडं. पहाटे आईबरोबर बागेत बोंडं गोळा करायची, बिया वेगळ्या काढायच्या, मग आंघोळ करून बेळगावची गाडी. हाताचा चीक जायचा नाही. लॅबमध्ये सर विचारायचे, हाताला काय झालं रे. वर्षाची फी त्या बियांवर निघायची आमच्या तिघा भावंडांची. खानापूर तालुक्यातल्या निम्म्या पोरांची हीच गोष्ट असेल.

कडोलीचा_पाटील:
@जांबोटीकर बोंडाचा रस काढून पीत होता का रे तुम्ही? आमची आजी मीठ लावून द्यायची. घशाला खवखवतं खरं चव लई भारी.

निपाणीवाली:
कुकर लावलाय, पटकन लिहिते. मी देवचंद कॉलेजची. बाहेरच्यांना सांगितलं तर पटत नाही: घर निपाणीत म्हणजे कर्नाटकात, कॉलेज अर्जुननगरला म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. रोज चालत राज्य ओलांडायचं. विद्यापीठ शिवाजी, कोल्हापूरचं. त्यामुळे माझी परीक्षा एका वेळी आणि गल्लीतल्या मैत्रिणींची दुसऱ्या वेळी. त्यांची सुट्टी चालू, मी अभ्यासाला. बसवजयंतीला घरी सगळ्यांना सुट्टी आणि मी दप्तर घेऊन निघालेली. मार्चमध्ये तंबाखूच्या वखारींवरनं जाताना ठसका लागायचा, तोंडाला ओढणी बांधून जायचो आम्ही. आजही तो वास आला की परीक्षा जवळ आल्यासारखं वाटतं. शिट्टी झाली, येते परत.

शिनोळी_फाटा:
मी आत्ता शिकूलाय, बेळगावात बीकॉम, दुसरं सेम चालू. गाव चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात. कोल्हापूर आम्हाला लांब, बेळगाव जवळ, म्हणून पहिल्यापासून सगळे इकडंच. माझी मैत्रीण बाचीची, म्हणजे शिनोळीच्या पुढचं पहिलं गाव, खरं ते कर्नाटकात. ती कर्नाटकाच्या शक्ती योजनेत (बायकांना सरकारी बस फुकट) येते, 2023 च्या जूनपासून. मला एसटीत अर्धं तिकीट, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, तिथून पुढं पूर्ण. कॉलेजात एकाच बाकावर बसतो, एकच डबा खातो. सीमेवर काही झालं की मग एसटी शिनोळीलाच थांबते. तिथून चालत बाची, आणि बाचीत हिचे बाबा मोटारसायकल घेऊन उभे असतात. इंटर्नलच्या दिवशी असं झालं होतं. काकांनी आम्हा दोघींना कॉलेजच्या गेटवर सोडलं आणि पेपर सुटेपर्यंत तिथंच थांबले.

शहापूरकरीण:
@शिनोळी_फाटा त्या काकांना माझा नमस्कार सांग गे. आणि तू पेपर नीट दे, बाकी सगळं होतं.

हॉस्टेल_रूम:
माझं माहेर येळ्ळूर. रूममेट गोकाकची, तिला मराठी येत नव्हतं, मला कन्नड नाही. बसवरचं गावाचं नावसुद्धा मला वाचता यायचं नाही, कंडक्टर "मुंदक बरी" म्हणजे पुढं या म्हणाला की मी मागं सरकायची. हिनं मला रात्री जेवण झाल्यावर अक्षरं शिकवली, वहीच्या मागच्या पानांवर. होळीला मी घरनं पुरणपोळ्या नेल्या, ती सुट्टीवरनं येताना करदंट (तिकडची डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) आणायची, शिवाय खडक भाकरी आणि शेंगाची चटणी. परीक्षेच्या दिवसांत मेस नको वाटायची, त्या भाकरीवर निघाले ते दिवस. आता तिची मुलगी पुण्यात शिकते आणि माझ्याशी मराठीत बोलते.

सांबऱ्याची_सून:
करदंट मिळाला तर मला पण सांगा कुणीतरी, बाळंतिणीसाठी पाहिजे. चांगला डिंक घातलेला.

हॉस्टेल_रूम:
@सांबऱ्याची_सून ती रविवारी येणार आहे, अर्धा किलो सांगू का?

सांबऱ्याची_सून:
सांगा ताई, एक किलोच सांगा.

जुना_लिंगराज:
आमच्या वेळी बेळगावात विद्यापीठ नव्हतं. लिंगराज कॉलेजला शिकलो, पदवी कर्नाटक विद्यापीठाची. काहीही कागद लागला की धारवाड. सकाळची रेल्वे धरायची, खानापूर, लोंढा करत जायचं. लोंढ्याला चहा आणि गरम वडे. एप्रिलमध्ये त्या रानात फणस, करवंदं, आणि बायका पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन डब्याशी यायच्या. घरी बसूनच कागद मिळतात ते चांगलंच झालं, आमच्यासारखा दिवस मोडत नाही पोरांचा. तरी माझ्या मते शिकणाऱ्या मुलानं तो रस्ता एकदा रेल्वेनं करावा. आपला जिल्हा केवढा हिरवा आहे ते कळतं.

कडोलीचा_पाटील:
काका, करवंदं अजून येतात हो लोंढ्याला?

जुना_लिंगराज:
येतात की! आता प्लास्टिकच्या पिशवीत, खरं येतात.

निपाणीवाली:
आले परत. @हॉस्टेल_रूम तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या कॉलेजात उलटं होतं, संकेश्वरकडच्या कानडी मुली मराठी शिकायच्या आमच्याकडनं.

कडोलीचा_पाटील:
@जांबोटीकर बोंडं कुठं मिळतील? पोरांना दाखवायची आहेत, त्यांनी फक्त पाकिटातले काजू बघितलेत.

जांबोटीकर:
बाजारात नको, सरळ आमच्याकडं या. सकाळी आठच्या आत या, ऊन चढलं की मऊ पडतात. पांढरे कपडे घालून पोरांना आणू नका, डाग निघत नाही.