लिटरमागे पाच रुपये की फळबागेला आधार?

खानापूरचा बागायतदार (मूळ मत)

सहकारी संघाला दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला कर्नाटक सरकार लिटरमागे पाच रुपये प्रोत्साहनधन देते. २००८ मध्ये ते दोन रुपये होते. या खर्चातला बराच भाग आता फळबागांकडे वळवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लिटरवर मोजलेली मदत, ज्याच्या गोठ्यात लिटर जास्त त्याच्याकडेच जाते. आमच्या भागात घरटी एक-दोन म्हशी असतात. चार लिटर दूध देणाऱ्या म्हशीवर दिवसाला वीस रुपये मिळतात, तर पंधरा संकरित गाई बांधून दीडशे लिटर घालणाऱ्याला साडेसातशे. याला गरिबांची योजना म्हणणे मला जड जाते.

उलट डोंगरउताराच्या वरकस जमिनीत काजू आणि आंबा चांगला येतो. महाराष्ट्राने १९९० मध्ये रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली. शेजारच्या चंदगड तालुक्यात आज काजूच्या बागा आहेत आणि काजूगर काढणारे कारखानेही आहेत. ते सगळे एकट्या त्या योजनेमुळे झाले असे मी म्हणणार नाही. पण माती तीच आणि पाऊसही तोच असताना आमचे उतार मोकळे का, हा प्रश्न उरतोच.

बेळगाव तालुक्यातील दूध उत्पादक महिला

आपला हिशेब बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. काजूचे कलम लावल्यावर हाती काही लागायला तीन-चार वर्षे जातात, आणि तेवढे दिवस थांबायला जमीन व घरातली शिल्लक, दोन्ही असावी लागते. माझ्या दोन म्हशी आहेत. सकाळचे दूध शहरात रतिबाला जाते, संध्याकाळचे डेअरीत. फॅट लागल्याची चिठ्ठी हातात पडली की या खेपेला सरकी पेंडीचे पोते घेता येईल की नाही, ते तिथेच कळते. प्रोत्साहनधन बिलाबरोबर येत नाही. ते जमा झाले की नाही हे पासबुक भरून आणल्यावरच समजते. तरीही त्यातून मुलीच्या वह्या येतात.

शिवाय फळबागेच्या अनुदानाला जमिनीचा उतारा लागतो. आमचा उतारा अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर आहे आणि त्यावर चार हिस्से आहेत. अर्जाचा नमुना कन्नडमध्ये, म्हणून तो भरायला कन्नड वाचणाऱ्या मुलाला शाळा बुडवून बरोबर न्यावे लागते. म्हशीला उतारा लागत नाही, दादा.

अथणीचा द्राक्ष बागायतदार

लागवडीला पैसे द्या म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे यावे. ठिबकवर दोन हेक्टरपर्यंत ९० टक्के अनुदान मिळते, आणि त्याचा उपयोग झाला हे मी नाकारत नाही. पण आमचा घास जातो तो लागवडीत नव्हे. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस आला की दावण्या हा बुरशीचा रोग येतो, आणि घड हातात घेतले की मणी गळून पडतात. त्यातून वाचले तर शेडमध्ये बेदाणा वाळत असताना अवकाळी पाऊस येतो, माल काळा पडतो आणि बाजारात त्याचा दर पार उतरतो. हवामानावर आधारित विमा पर्जन्यमापक केंद्रावरच्या नोंदीवर चालतो. पाऊस माझ्या बागेत पडतो आणि केंद्र कोरडे राहते. मदत द्यायचीच असेल तर ती विम्याला, शेडला आणि साठवणुकीला द्यावी. नवी झाडे लावून नवे कर्जदार कशाला तयार करायचे?

निपाणी भागातील वाचक

सीमेवरच्या एका गोष्टीचा इथे कोणी उल्लेख केला नाही. आमच्याकडचे काही दूध पलीकडच्या खासगी डेअऱ्यांना जाते. महाराष्ट्राने जुलै २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिले आणि ऑक्टोबरपासून ते सात केले. पण ते तिथल्या शेतकऱ्यांना. इकडचे मिळते ते सहकारी संघाला घालणाऱ्यांना. आम्ही दोन्हीकडून बाहेर. अनुदान शेतकऱ्यासाठी असेल तर तो दूध कुठे घालतो याची अट कशाला?

चिक्कोडी तालुक्यातील दूध संस्थेचा सचिव

अट मुद्दाम आहे आणि ती राहावी. खासगी डेअरीच्या दुधालाही पाच रुपये दिले, तर डेअरी तेवढाच दर खाली आणील आणि सरकारचा पैसा तिच्या गल्ल्यात जाईल. पुष्टकाळात दूध वाढले की खासगीवाला हात आखडता घेतो. संघाला मात्र सभासदाचे दूध घ्यावेच लागते. ज्याचे लिटर जास्त त्यालाच मदत जास्त मिळते ही मूळ लेखकाची तक्रार मात्र रास्त आहे.

खानापूरचा बागायतदार

ताईंचा उताऱ्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, त्यामुळे मी सूचना बदलतो. म्हैस आटली की चार-पाच महिने घरात दूध नाही, म्हणून अनुदानही नाही. खाणे मात्र तेवढेच. काजूच्या बागेचीही पहिली तीन वर्षे अशीच भाकड जातात. मदत या काळात द्यावी. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असतोच, तेव्हा कोणते जनावर गाभण आणि कोणते आटलेले, याची नोंद ठेवणे अशक्य नाही.

बेळगाव तालुक्यातील दूध उत्पादक महिला

नोंद ठेवणार कोण? आमच्याकडे जनावरांचा डॉक्टर लसीकरणाच्या दिवशी येतो. आटलेली म्हैस पाहायला तो वेगळा येईल, यावर माझा विश्वास नाही. आणि नोंद डेअरीच्या सचिवाकडे दिली, तर गावातल्या निम्म्या म्हशी कागदावर कायमच्या आटलेल्या राहतील.

चिक्कोडी तालुक्यातील दूध संस्थेचा सचिव

ताई, सगळे सचिव सारखे नसतात. पण माझ्या वहीतल्या म्हशी कोणी येऊन तपासणार असेल, तर माझी हरकत नाही.