मदत हवी: उद्यानात सायफरसाठी कायमची परवानगी, अर्ज कुणाकडे?

बीटवाला_बंड्या: दर रविवारी उद्यानात सायफर करतो. वॉचमन हाकलतो. कार्यालयात गेलो तर 'नियमात बसत नाही'. दर वेळी पाया पडून परवानगी नकोय, हिपहॉप गावाच्या सांस्कृतिक धोरणातच यायला हवं. अर्ज कुणाला? नमुना असेल तर टाका, मंगळवारी द्यायचाय.

शिरीषकाका: सायफर म्हणजे? आणि गाव कोणतं?

बीटवाला_बंड्या: गोल करून आळीपाळीने रॅप. गावाचा काय संबंध?

कलम_कसाई: आहे ना. महापालिकेला १९४९चा कायदा, नगरपरिषदेला १९६५चा. नगरसेवक आहेत की प्रशासक? ठराव कोण करणार ते त्यावर ठरतं. राज्याचं सांस्कृतिक धोरण २०१०मध्ये आलं. तुमच्या गावाचं वेगळं बहुधा नसेलच. उद्यानाचे नियम आणि बजेटमधली सांस्कृतिक कार्यक्रमांची तरतूद, हे दोनच धरा. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक बाबींना चालना देणं हा नगरपालिकेचा विषय आहे, तेवढं अर्जात घाला.

बीटवाला_बंड्या: नगरपरिषद. नगरसेवक आहेत.

पडद्यामागे: आधी माहिती अधिकार टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. 'मनाई कोणत्या ठरावानुसार? प्रत द्यावी.' आमच्या पथनाट्याला असंच अडवायचे. ठराव निघालाच नाही, सगळा तोंडी कारभार.

बीटवाला_बंड्या: त्याला ३० दिवस! मंगळवार म्हणालो मी.

शिरीषकाका: पोवाड्याला कोणी अडवत नाही. शिव्यांना संस्कृती म्हणायचं का?

लोकल_लूप: काका, मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅप गटानं आरेतल्याच आदिवासी प्रकाश भोईर यांना घेऊन आरेच्या जंगलावर गाणं केलंय. ऐका, मग बोलू.

श्टुटगार्टकर: इथून जवळच्या हायडेलबर्गची हिपहॉप संस्कृती २०२३मध्ये जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. मागे काही दशकांचं काम होतं. तुम्हीही व्हिडिओ, पत्रकं, कात्रणं जपा, सोबत जोडा.

पडद्यामागे: जर्मनीचं इथे चालत नाही हो. पोच घेतली तरच अर्ज.

माईकमॅन: कंडेन्सर माईक बाहेर वापरू नका, वारा येतो. डायनॅमिक घ्या.

बीटवाला_बंड्या: माईक कुणी विचारला?

कलम_कसाई: मी विचारतो. स्पीकर असतो का?

बीटवाला_बंड्या: असतो, छोटा. ती काय सांगायची गोष्ट आहे?

कलम_कसाई: तीच तर आहे. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, ती पोलिसांकडून, नगरपरिषदेकडून नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० नंतर बंद. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करा, प्रत नगराध्यक्षांना. मागणी 'धोरण' नको. 'रविवारी ५ ते ७, अमुक कोपरा' अशी ठोस. आणि एका नगरसेवकाला विषय सभेपुढे आणायला लावा.

बीटवाला_बंड्या: बरं. उद्यानासमोर सरकारी दवाखाना आहे, त्यानं काही फरक?

कलम_कसाई: अहो! शंभर मीटरच्या आत? शांतता क्षेत्र जाहीर आहे का ते उद्याच विचारा. असेल तर स्पीकर सोडून बीटबॉक्सवर, म्हणजे तोंडानंच ठेका धरून, भागवा, नाहीतर दुसरी जागा मागा. गावात खुला रंगमंच आहे का?

बीटवाला_बंड्या: आहे. तिथे भाजीबाजार भरतो.