स्वयंसेवक म्हणून परदेशात: तिथलं रोजचं जगणं कसं बसलं?

इंटर्न किंवा स्वयंसेवक म्हणून बाहेर जाणाऱ्यांना व्हिसा, विमा, तिकीट यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. पण भाजी कुठून आणायची, सुट्टीच्या दिवशी काय करायचं, आजारी पडलं तर दार कुणाचं वाजवायचं, हे सांगणारं कुणी नसतं. जे राहून आलेत त्यांनी मोकळेपणाने लिहा. संस्थेची स्तुती नको, घरातलं-रस्त्यावरचं सांगा. सुरुवात मी करते.

वृद्धाश्रम, दक्षिण जर्मनी

मी तिथे एफएसजे केलं. २७ वर्षांखालच्यांसाठी असलेलं हे सामाजिक कामाचं वर्ष. मला खोली, जेवण आणि थोडा हातखर्च मिळत होता. पोचल्यावर पहिलं काम आन्मेल्डुंग, म्हणजे राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवणं. त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद लागतो, तो आधीच मागून ठेवा. आणि टपालपेटीवर आपलं नाव चिकटवा. तिथे बँकेपासून करखात्यापर्यंत सगळं पत्रानेच येतं, आणि पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारीच दूध-भाजी भरून ठेवायची.

संध्याकाळी सहाच्या आत थंड जेवण: ब्रेड, चीज, काकडीचं लोणचं. गरम वरणभाताची आठवण यायची ती याच वेळी. पण माझं जर्मन सुधारलं तेही याच वेळी. माझ्या टेबलावरच्या एका आजींना स्मृतिभ्रंश होता. मी रोज त्यांना नवीनच. कुठली तू, घरी कोण असतं, थंडी सोसते का, असे तेच प्रश्न त्या रोज त्याच मायेने विचारायच्या. उत्तरं देता देता माझी वाक्यं सुटी झाली. एकदा मी क्रियापद चुकीच्या जागी टाकलं, तर त्यांनी लोणी लावता लावता ते वाक्य बरोबर करून म्हटलं आणि सुरी पुढे फिरवली. एफएसजेमध्ये वर्षाला २५ दिवस शिबिरं असतात, ती चुकवू नका. आपल्यासारखेच घर सोडून आलेले लोक तिथे भेटतात.

किसुमू, केनिया

मी मालवणचा, आरोग्य प्रकल्पावर होतो. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्या आणि लशीच्या नोंदीचं ते पिवळं कार्ड जपा. परत येताना भारतात ते बघतात.

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर मलेरिया भरपूर. मला ताप आला तेव्हा मी सवयीने गोळी घेऊन पडून राहणार होतो. घरमालकीणबाईंनी ऐकलं नाही, त्याच सकाळी दवाखान्यात नेऊन रक्त तपासायला लावलं. पुढचे काही दिवस त्यांच्याच घरून पेज यायची. मी सेवा करायला गेलेलो, आणि सेवा माझीच चालली होती. ते मुकाट्याने घ्यायला मला वेळ लागला.

नंतर त्यांच्याबरोबर किबुये बाजारात जायला लागलो. तिथे ओमेना मिळते, सरोवरातली बोटभर चांदीसारखी मासळी, वाळवलेली, आपल्या सुकटीसारखी. डब्याच्या मापाने विकतात. कोमट पाण्यात धुऊन, कांदा-टोमॅटोवर परतून उगालीबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर खातात. मी त्यात आमसुलं टाकली. बाईंनी चाखून पाहिली आणि उरलेली पुडी स्वतःच्या फडताळात ठेवून दिली! भाजीवालीपासून बोडाबोडावाल्यापर्यंत (भाड्याची मोटारसायकल चालवणारा) सगळे पैसे एम-पेसावर, म्हणजे मोबाइल नंबरवरून घेतात, म्हणून पासपोर्ट दाखवून पहिल्याच दिवशी सिम घ्या. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१७पासून बंदी आहे. सामान बांधताना लक्षात ठेवा.

ललितपूर, नेपाळ

वर्ध्याहून गेले. पाट्या देवनागरीत, त्यामुळे बसचा नंबर, दुकानाचं नाव पहिल्या दिवसापासून वाचता आलं. हा आपल्याला मोठाच आधार आहे. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे, सुट्टी शनिवारी, हजेरीच्या वहीत विक्रम संवत. दाल-भात सकाळी नऊ-दहालाच, मग दुपारी नुसता खाजा, म्हणजे हलकं खाणं. पोटाला हे वेळापत्रक पटायला वेळ लागतो. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी, हिशेब ठरलेला.

सिएम रीप, कंबोडिया

माझं थोडं वेगळं. पैसे भरून एका अनाथाश्रमात गेले होते. तिथे माझ्याकडे पोलिसांचा दाखलाही कुणी मागितला नाही. दर पंधरवड्याला नवे स्वयंसेवक यायचे आणि मुलं प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बिलगायची. नंतर कळलं की त्या देशातल्या अशा संस्थांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. मी ते सोडलं आणि स्थानिक शिक्षकांना इंग्रजीची तयारी करून देणाऱ्या गटात गेले. कळकळीने सांगते, थोड्या दिवसांसाठी मुलांच्या संगोपनाचं काम देणारी जागा घेऊ नका. स्थानिक माणसाच्या हाताखाली शिकायला मिळेल अशी जागा शोधा.

पुन्हा किसुमूवाला

एक राहिलं. भारतातलं सिम बंद पडू देऊ नका, बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो. निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या आणि घरच्या कुणाला तरी रिचार्जची तारीख सांगून ठेवा.