पाऊस उघडला, पण गाडी घाटात कधी न्यायची?

गोदाकाठचा

तीन दिवस झाले, नाशिकला लख्ख ऊन आहे. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या पायाखाली पाणी उतरलंय आणि आमच्या बाइकवाल्यांच्या ग्रुपवर सकाळपासून एकच विषय चाललाय: या रविवारी गिरणारे, हर्सूल करत जव्हार. मी नाही म्हणालो. त्यावरून बरीच बोलाचाली झाली, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

दोन वर्षांपूर्वी असंच सप्टेंबरअखेरचं ऊन बघून मी गाडी काढली होती. जूनपासून कव्हरखाली होती. गिरणाऱ्याच्या पुढे, वाघेरा घाटाच्या आधी, एका वळणावर ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती रस्त्यावर आणलेली. वरचा पापुद्रा वाळून डांबरासारखाच दिसत होता, आत मात्र लोणी. पुढचा ब्रेक धरला आणि गाडी हातातून गेली. वेग चाळीसच्या आत होता. कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. त्या दिवशी मागे बायको बसायची होती, ऐनवेळी पाहुणे आले म्हणून राहिली. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

माझं मत असं की घाट कोजागिरीनंतरच. तोवर सपाट रस्ता, तोही उन्हात. "दसऱ्याला गाडीची पूजा झाली की काढायची" ही आपल्याकडची रीत मला प्रिय आहे, पण दसरा २०२३ ला २४ ऑक्टोबरला होता, २०२४ ला १२ ला आणि २०२५ ला २ ला. पाऊस पंचांग बघून जात नाही. हवामान खात्यानेसुद्धा २०२० मध्ये मान्सून परतण्याच्या सरासरी तारखा पुढे ढकलल्या. मुंबईची २९ सप्टेंबर होती, ती ८ ऑक्टोबर झाली. शिवाय परतीचा पाऊस दिवसभर पडत नाही. दुपारपर्यंत कडक ऊन आणि चार वाजता आभाळ फाटतं. चार-पाच दिवसांच्या कोरड्या रस्त्यावर साचलेलं ऑइल त्या पहिल्या सरीने वर येतं. सलग पावसात धुतलेला रस्ता त्यापेक्षा बरा म्हणायचा.

तुम्ही कधी काढता? घाटात केव्हा जाता?

सोनकी

दादा, पडलात त्याचं वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटला नाही.

पहिली गोष्ट, कोजागिरी दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी येते. दसरा सरकतो म्हणून नाकारलात आणि त्याच्याबरोबर सरकणारी पौर्णिमा धरलीत!

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपण गाडी चालवतो कशासाठी? मी अंजनेरीला जाते ती सप्टेंबरमध्ये, कारण सोनकीने उतार पिवळे होतात ते तेव्हाच, आणि जगात फक्त या परिसरात उगवणारं तिथलं कंदीलपुष्प ऑगस्ट-सप्टेंबरातच बघायला मिळतं. नोव्हेंबरात सुरक्षित रस्त्याने जाऊन वाळलेलं गवत बघायचं का? दुगारवाडीचा धबधबाही तोवर बारीक धार होतो. समृद्धीवर दुचाकीला प्रवेश नाही, म्हणजे आपल्या वाट्याला कसारा, त्र्यंबक, हर्सूल, सापुतारा हेच रस्ते. यांचं सोनं होण्याचे जेमतेम सहा आठवडे असतात आणि तुम्ही नेमके तेच कव्हरखाली घालवायला सांगताय.

माती आहे, शेवाळ आहे, मान्य. म्हणून हळू जायचं. वळणावर आडवं होण्याची हौस डिसेंबरात भागवावी.

अंबड सेकंड शिफ्ट

मी वेगळ्या बाजूने बोलते. पाथर्डी फाट्याजवळ राहते, अंबड एमआयडीसीत कामाला आहे. रात्री साडेअकराला शिफ्ट सुटते. त्या वेळी बस नाही आणि रोज रिक्षा परवडत नाही. माझी १२५ ची गाडी पावसाळाभर रोज चालते. "गाडी कधी काढायची" हा प्रश्नच ज्यांच्याकडे दुसरी सोय आहे त्यांचा आहे. हे रागाने म्हणत नाही.

पण त्यातून एक मुद्दा निघतो आणि तो गोदाकाठच्या दादांनी टाळलाय. तुम्ही पडलात त्यात माती होतीच, पण साडेतीन महिने हात ब्रेकवर नव्हता हेही होतं. मी रोज चालवते म्हणून मला रस्त्याचा रंग बघून कळतं की इथे नुसतं पाणी आहे, इथे चिखल आहे, इथे खड्डा बुजवायला टाकलेली खडी सुटलेली आहे. ओल्यात दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबायचे, हे माझ्या बोटांना माहीत आहे. डोक्यातून येईपर्यंत उशीर होतो. गाडी बंद ठेवून सुरक्षितता मिळत नाही, सवय जाते. माझं म्हणणं, पावसाळ्यात गाडी बंदच करू नये. आठवड्यातून दोनदा तरी गावातल्या गावात चालवावी.

गोदाकाठचा

ताई, हे लागलं. खरं आहे. त्या दिवशी मी पुढचा ब्रेक सवयीने दाबला, पण ती सवय मे महिन्यातल्या रस्त्याची होती. सोनकी, पौर्णिमेचं तुमचं बरोबर, तारीख मागे घेतो. मग असं म्हणतो: सलग आठ कोरडे दिवस गेल्याशिवाय घाट नाही. फुलं मलाही आवडतात. अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत त्र्यंबक रोडने जायला मी विरोध करत नाही. माझा विरोध आहे तो झाडीतल्या, ऊन न पोचणाऱ्या वळणांना. तिथे आठ दिवस काय, पंधरा दिवसांनीही शेवाळ हिरवंगार असतं.

सातपूर गॅरेज

रस्त्याचं तुम्ही बघा, गाडीचं मी सांगतो. दरवर्षी नवरात्राच्या आधी आमच्याकडे रांग लागते आणि निम्म्या गाड्यांचं दुखणं एकच असतं: चार महिने हलवलेली नाही.

बॅटरी उतरलेली असते. गाडी बंद ठेवून तासाभराने मीटर लावा, १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून घ्या, धक्का मारून चालू करून थेट वणीला निघू नका. पेट्रोल हा दुसरा घोळ. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. अर्धी टाकी ठेवून गाडी उभी केली की पावसाळी दमट हवेत आत पाणी धरतं, टाकी आतून गंजते, कार्ब्युरेटरच्या गाडीचा जेट चोक होतो. उभी करायचीच असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून करा. आता जुनं पेट्रोल काढून नवीन टाका.

चेनचा गंज वरून दिसतो, पण एखादी कडी आतून अडकलेली असते ती दिसत नाही. चाक हाताने फिरवून बघा, चेन एकसारखी फिरली पाहिजे. डिस्कवरचा तांबूस थर दोन-चार ब्रेक मारले की जातो, पण ड्रमच्या गाडीला शू चिकटलेले असतात, ते उघडूनच बघावे लागतात. आणि सीट काढून उंदराने वायर कुरतडलेत का ते पाहा. हसू नका, मागच्या वर्षी अशा तीन गाड्या आल्या, एकीचा ब्रेक लाइटच गेला होता आणि मालकाला पत्ता नव्हता.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी छान दिसते म्हणून सात वर्षांचा टायर घाटात नेणाऱ्याला मी हात जोडतो. पीयूसी आणि विमा संपलाय का तेही बघून घ्या, उभ्या गाडीचे कागद लोक विसरतात.

माझं मत? गाडी तपासल्यावर पहिले शंभर किलोमीटर घराच्या जवळ. मग कुठेही जा.

द्राक्षबाग दिंडोरी

ती माती आमची. वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

सप्टेंबर-ऑक्टोबरात वावरात ओल असते आणि काम थांबवता येत नाही. सोयाबीन काढायचं, टोमॅटोच्या पिकअप पिंपळगावला न्यायच्या. ट्रॅक्टर डांबरावर चढला की शंभर-दोनशे फूट चिखल सोडत जातो. चाकं झाडून रस्त्यावर यावं, मी पोरांना सांगतो, सगळ्यांकडून होत नाही. म्हणून एवढं धरून चाला: वळणाच्या आधी शेताचा रस्ता दिसला की पुढे चिखल आहेच. वावराच्या तोंडाशी चाकांचे पट्टे दिसतात, ते बघायला शिका.

पण गोदाकाठच्या भाऊंना एक सांगतो, उशिरा निघालं म्हणजे रस्ता निर्धोक झाला असं नाही. पुढे आम्ही मका काढतो आणि बरेच जण तो रस्त्याच्या कडेलाच वाळत घालतात. डांबरावर सुटलेले मक्याचे दाणे चिखलापेक्षा वाईट. चाक अक्षरशः गोट्यांवर चढतं.

तुमचा हा वाद आमच्या घरात दरवर्षी होतो, ऑक्टोबर छाटणीवरून. लवकर छाटली तर माल लवकर निघतो, भाव चांगला, पण बाग पोंग्यात, म्हणजे कोवळ्या फुटीत, किंवा फुलोऱ्यात असताना परतीचा पाऊस आला तर डावण्या हा बुरशीचा रोग सगळं खातो. उशिरा छाटली तर बाग वाचते, पण सगळ्यांचा माल एकदम बाजारात. सटाण्याकडचे शेतकरी कितीतरी आधी छाटतात, जोखीम माहीत असून. २०१९ ला ऑक्टोबर संपत आला, सगळ्यांनी पाऊस गेला धरलं, आणि क्यार वादळाने नोव्हेंबर उजाडेपर्यंत झोडपलं. त्या वर्षी माझ्या भावाची बाग गेली, माझी दहा दिवस मागे होती म्हणून निम्मी राहिली. मी हुशार होतो म्हणून नाही, मजूर मिळाले नव्हते म्हणून. तेव्हापासून मी सगळी बाग एका तारखेला छाटत नाही. थोडी आधी, थोडी नंतर.

मॉन्ट्रियलचा नाशिककर

मी मूळचा पंचवटीतला, अकरा वर्षं कॅनडात. इथे हा प्रश्न दर वसंतात पडतो, म्हणून राहवलं नाही.

क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च बर्फाचे टायर कायद्याने सक्तीचे आहेत. मोटरसायकल त्याच्या आधीच गॅरेजात जाते: टाकी भरून, बॅटरी घरात चार्जरला. १६ मार्चला कायदा मोकळा होतो, पण रस्ता मोकळा होत नाही. चार महिने बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ आणि पकड मिळावी म्हणून टाकलेली बारीक खडी वळणांवर आणि चौकांत पडून असते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, त्यामुळे भेगांत शिरलेल्या पाण्याने डांबर फुटून खड्डे झालेले असतात. दुपारी दहा अंश असलं तरी सकाळी पुलाखाली बर्फाचा पातळ, काळा, न दिसणारा थर असतो. आणि सात अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, ऊन असलं तरी पकड नसते.

आम्ही थांबतो ते रस्ते झाडणाऱ्या गाड्या फिरेपर्यंत आणि एक-दोन सणसणीत पाऊस पडून मीठ वाहून जाईपर्यंत. बहुधा एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात. म्हणजे तुम्ही पाऊस जायची वाट बघता, आम्ही यायची.

आणखी एक गोष्ट मी इथे शिकलो. हिवाळाभर रस्त्यावर मोटरसायकल दिसलेली नसते, त्यामुळे कारवाल्यांची नजरच ती शोधत नाही. पहिले पंधरा दिवस मी प्रत्येक डाव्या वळणाऱ्या गाडीने मला पाहिलेलं नाही असंच धरतो. इथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे डावीकडे वळणारा आपल्याला आडवा येतो.

माझं मत गोदाकाठच्या बाजूने. दोन आठवडे थांबल्याने मोसम बुडत नाही.

अंबड सेकंड शिफ्ट

दादा, तुमचा मोसमच सहा-सात महिन्यांचा, तिथे गाडी बंद ठेवणं भागच आहे. नाशिकला दुचाकी रस्त्यावरून एक दिवसही हटत नाही, त्यामुळे तो नजरेचा मुद्दा इथे लागू नाही. आमच्या इथे कारवाला दुचाकी बघतो आणि तरीही दाबतो. त्याला थांबणं हा उपाय नाही.

पण रस्ता झाडण्याचं वाचून वाटलं, आपल्याकडे पावसाळ्यानंतर घाटरस्ते एकदा तरी का झाडले जात नाहीत? खड्ड्यात खडी टाकून वर डांबर न घालता महिनाभर तशीच सोडतात. सध्या सिंहस्थाच्या कामांनी शहरात जागोजागी खोदलंय, तिथेही तेच. आपण सगळे मिळून तारखेवर भांडतोय, आणि खडी तिथेच आहे.

सोनकी

ताईंना शंभर टक्के अनुमोदन. आणि दिंडोरीच्या काकांची "थोडी आधी, थोडी नंतर" ही गोष्ट मला या सगळ्या चर्चेत सगळ्यात पटली. सगळा मोसम एका तारखेवर का लावायचा? ओल्यात जमेल तेवढं ओल्यात, बाकीचं नंतर.

रविवार मात्र मी सोडणार नाही. एकटी नाही, तिघी आहोत. सकाळी नऊनंतर निघणार, धुकं विरल्यावर, आणि तीनच्या आत परत, आभाळ भरायच्या आधी.

गोदाकाठचा

तुम्हाला थांबवायचा मला हक्क नाही. माझं मत अजून तेच आहे, झाडीतली वळणं अजून वाळलेली नाहीत. पण साडेतीन महिने कव्हर टाकून ठेवणं चूक होती हे मान्य. गाडी उद्या गॅरेजला टाकतो. बॅटरी आताच बघितली, ११.९.

रविवारी मी गंगापूर नाक्यावरून गिरणाऱ्यापर्यंत जाईन आणि तिथून माघारी फिरेन. ज्यांना इतकंच यायचं असेल त्यांनी साडेनऊला या. पुढे जाणाऱ्यांना गिरणाऱ्यात चहा पाजतो.

सोनकी

चहाला थांबतो. मग पुढे जाऊ. वाघेऱ्याच्या प्रत्येक वळणाचा फोटो काढून दुपारी इथेच टाकते: कुठे माती आहे, कुठे शेवाळ, कुठे खडी. तुमचं ते वळण कुठलं तेवढं नीट सांगून ठेवा. गिरणाऱ्यापासून साधारण किती किलोमीटरवर?