गिल नसलेली गँग ऑफ फोर: मैफल की श्राद्ध?

टणत्कार
'सध्या काय ऐकताय' धाग्यावर परवा पोटमाळा यांनी जे लिहिलं ते आधी जसंच्या तसं चिकटवतो: "चारातले दोन गेले. उरलेले दोन म्हातारे भाड्याची माणसं घेऊन ४६ वर्षं जुनी रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत फिरले. अँडी गिलशिवाय गँग ऑफ फोर म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. याला मैफल म्हणत नाहीत, तिकीट लावून घातलेलं श्राद्ध म्हणतात." खाली सात जणांचं +१. (नवख्यांसाठी: गँग ऑफ फोर हा इंग्लंडच्या लीड्सचा सत्तरीतला पोस्ट-पंक, म्हणजे पंकच्या पाठोपाठ आलेल्या रॉकचा, बँड. गिल त्याचा गिटारवाला.)

या सातांपैकी कार्यक्रम पाहिलाय कुणी? मी पाहिलाय. २०२५च्या निरोपाच्या दौऱ्यात, इथे अमेरिकेत, अडीच तास गाडी हाकत जाऊन, गुडघ्याला पट्टा बांधून. तेव्हा थोडं लांबण लावणार आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी +१ देऊन पुढे जावं.

आधी 'एंटरटेनमेंट!' ही १९७९ची पहिली रेकॉर्ड पूर्ण, मग मध्यंतर, मग बाकीची गाणी. गायक जॉन किंग सत्तरीला टेकलेला. गडी पहिल्या मिनिटापासून या टोकाच्या माईककडून त्या टोकाच्या माईककडे पळतोय, गुडघ्यावर पडतोय, उठतोय. ह्यूगो बर्नहॅमचे ड्रम्स आजही सुताराने खिळे ठोकावेत तसे, एक घाव जास्त नाही. गिलच्या जागी आलेल्या टेड लिओची गिटार गिलसारखी होती का? नव्हती. आणि त्याने तसं दाखवायचा प्रयत्नही केला नाही, हे मला फार आवडलं. बाजूला गेल ग्रीनवुड बास घेऊन अशी नाचत होती की जणू घरचंच लग्न.

नव्वदीत पुण्यात हॉस्टेलवर एका मित्राने मला ही रेकॉर्ड कॅसेटवर भरून दिली होती. कॅसेटच्या सुरुवातीला त्याचं आधीचं काहीतरी होतं, ते त्याला पुसायचं नव्हतं. त्यामुळे शेवटचं 'अँथ्रॅक्स' अर्ध्यात तुटायचं. कितीतरी वर्षं मला वाटायचं की ते गाणं तिथेच संपतं आणि त्यातच त्याची गंमत आहे! त्या रात्री सुरुवातीची ती नुसती गिटारची किंकाळी समोर ऐकली, आणि मग जिथे माझी टेप तुटायची ती जागा आली आणि गाणं पुढे चालू राहिलं. श्राद्ध म्हणा हवं तर. जेवून आलो, पान वाढलेलं होतं, आणि कावळाही शिवला.

पोटमाळा
वा. माझ्या चार ओळींवर एवढा निबंध! धन्य झालो.

तुमचा गुडघा, तुमची कॅसेट, तुमचा मित्र. यात बँड कुठे आहे? गँग ऑफ फोर म्हणजे गिलने सोडलेल्या मोकळ्या जागा. तो मुद्दाम ट्रान्झिस्टरचे अँप वापरायचा, कारण व्हॉल्व्हच्या अँपची गोडगुलाबी ऊब त्याला नको होती. सोलो नाही, सूर लांबवणं नाही, खट्‌ करून तोडायचा आणि गप्प बसायचा. ते गप्प बसणं शिकवता येत नाही. तो १ फेब्रुवारी २०२०ला गेला तेव्हाच पाटी उतरवायला हवी होती.

आणि पूर्ण रेकॉर्ड क्रमाने वाजवणं हा प्रकारच मला मंजूर नाही. १९८७च्या अमेरिका दौऱ्यात वायर या बँडकडे लोकांनी 'पिंक फ्लॅग' ही जुनी रेकॉर्ड मागितली, तर वायरने त्यांचीच गाणी वाजवणारा एक्स-लायन टेमर्स नावाचा दुसरा बँड सोबत घेतला. त्याने आधी जुनी रेकॉर्ड वाजवायची, मग वायरने फक्त नवीन. याला म्हणतात ताठ कणा. तुमचे हे लोक १९७९मध्ये गाण्यातल्या एका शब्दासाठी बीबीसीचा 'टॉप ऑफ द पॉप्स' सोडून निघाले होते. कंडोम म्हणायचं की कचरा म्हणायचं, यावर वाजलं. आणि पुढे तीच मंडळी ग्राहकवादावर आसूड ओढणारं गाणं मायक्रोसॉफ्टच्या कायनेक्ट या व्हिडिओ गेमच्या उपकरणाच्या जाहिरातीला देतात!

टणत्कार
ती जाहिरात आली तेव्हा गिल होता हो बँडमध्ये. ठणठणीत. नवरदेवानेच सही केली म्हणायची.

आणि पाटीचं म्हणाल तर किंग बाहेर पडल्यावर, २०१२पासून पुढे सात वर्षं, मूळच्या चारांतला एकटा गिल उरला होता. गायक नवा, बास नवा, ड्रम्स नवे. तेव्हा नाव तेच चाललं. चारात एक चालतो, दोन चालत नाहीत, हे कुठलं गणित?

खडूस_कारकून
माओच्या बायकोच्या टोळक्यावरून नाव घेतलेला बँड आणि वारसाहक्कावरून भांडण. सातबारा काढा रे कुणीतरी.

मध्यरात्र_मँचेस्टर
आमच्या गावात या, हे भांडण आम्ही घाऊक भावात विकतो. जॉय डिव्हिजनचा जुना बासवाला पीटर हुक त्यांची 'अननोन प्लेझर्स' पूर्ण वाजवत फिरतो, तिकडे उरलेल्यांचा बँड न्यू ऑर्डर शेवटाकडे जॉय डिव्हिजनची गाणी वाजवते, दोघांचं एकमेकांशी पटत नाही. मी दोन्हीकडे जातो. घटस्फोट झालेल्या मित्राच्या घरी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे जेवायला जावं तसं. कुणाची बाजू घ्यायची नाही, जेवायचं.

जॉय डिव्हिजनचा गायक इयान कर्टिस नसताना ते ऐकायचं का, हा प्रश्न मलाही पडायचा. पण मी जन्मलोच तो गेल्यावर. माझ्यापुढे पर्याय काय होता?

मधली_सुट्टी
'भाड्याची माणसं' या शब्दांवर कुणीच थांबलं नाही याचं नवल वाटलं. गेल ग्रीनवुड बेली आणि एल सेव्हनमध्ये वाजवून आलेली बाई आहे. टेड लिओची स्वतःची कारकीर्द आहे. मूळचा बासवाला डेव्ह अॅलन १९८१मध्ये दौऱ्यातच सोडून गेला, तेव्हा पुढे सारा लीने बास धरला आणि १९८२ची अख्खी रेकॉर्ड तिच्या बासवर उभी आहे. तीही भाड्याची का?

त्याच लीड्समध्ये डेल्टा फाइव्ह होता, त्यात दोन-दोन बास! मी पुण्यात आठ वर्षं बास वाजवला. दर कार्यक्रमानंतर कुणीतरी येऊन विचारायचं, 'तुम्ही गाता का?' गळ्यात चार तारांचं एवढं धूड अडकवलेलं दिसत असताना. म्हणून चिडले. बाकी गिलच्या मुद्द्यावर मी निम्मी पोटमाळांच्या बाजूने आहे.

पोटमाळा
'भाड्याची' मागे घेतो. 'बदली कामगार' लिहितो, चालेल? सारा ली मान्य. निम्मी बाजू पदरात घेतली, आभार.

बारा_बार_ब्लूज
मला एक कळत नाही. ज्यांना गिटार वाजवता येत नाही, त्यांनी न वाजवण्याचं तत्त्वज्ञान केलं, याला पोस्ट-पंक म्हणतात ना? "गप्प बसणं शिकवता येत नाही" म्हणे. माझी मुलगी क्लासमध्ये गप्पच बसते, फी मी भरतो. एरिक क्लॅप्टन २०२५मध्ये ऐंशीचा झाला, अजून बसून वाजवतो, आणि एका वळणात सगळं सांगून जातो. ज्येष्ठ कलाकाराला प्रत्यक्ष ऐकणं म्हणजे ते. तुमच्या किंगसारखं मंचावर बॅटने मायक्रोवेव्ह ओव्हन फोडणं नव्हे. (हो, यूट्यूबवर पाहिलंय.)

टणत्कार
ओव्हन तालात फोडतो तो, नीट बघा. गाणं घरातल्या हुकूमशहाबद्दल आहे, आणि बॅटचा प्रत्येक फटका ठेक्यावर पडतो.

आणि या धाग्यावर क्लॅप्टन? ५ ऑगस्ट १९७६, बर्मिंगहॅम ओडियन. मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध बोलणाऱ्या इनॉक पॉवेल या पुढाऱ्याचं कौतुक, परदेशी लोकांना हाकला, ब्रिटनची वसाहत होऊ देऊ नका. दोनच वर्षं आधी बॉब मार्लीचं गाणं वाजवून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेला माणूस! त्यावर चिडून लोकांनी मासिकांना पत्रं लिहिली, त्यातून रॉक अगेन्स्ट रेसिझम उभं राहिलं. गँग ऑफ फोर, मेकॉन्स ही लीड्सची पोरं त्याच चळवळीसाठी वाजवायची. तुमच्या देवाच्या एका वळणाने एवढं सांगून टाकलं.

बारा_बार_ब्लूज
आलंच ते. पन्नास वर्षं झाली. दारूत बुडालेला होता, नंतर लाज वाटते म्हणाला, जाहीरपणे. कला आणि कलाकार वेगळे काढायला शिका. नाहीतर तुमच्या लाडक्या पंकवाल्यांनी दंडावर नाझींचं स्वस्तिक बांधून फोटो काढले होते, ते कुठल्या खात्यात टाकू?

पोटमाळा
स्वस्तिकाचा मुद्दा बरोबर आहे. सूझी सू, सिड व्हिशस, दोघांनीही मिरवलं. लोकांना धक्का द्यायचा म्हणे. टणत्कार, आता बोला.

टणत्कार
अरे तू माझ्याशी भांडायला आलायस की त्याच्याशी?

पोटमाळा
जो समोर येईल त्याच्याशी.

आगाऊ_आज्जी
मी एरवी पाककृती विभागात असते, भाच्याने दुवा पाठवला म्हणून आले. तुमचा बँड मला ठाऊक नाही. पण लीड्सला मी १९७६ ते ८० चार वर्षं होते, नर्स म्हणून, अपघात विभागात.

तो काळ तुम्ही लोक रेकॉर्डच्या कव्हरवर बघता. आमच्या बसथांब्यावर नॅशनल फ्रंट या वंशद्वेष्ट्या पक्षाचे कागद चिकटवलेले असायचे. हे रात्री कारखान्यातून यायचे ते रस्ता बदलून, रोज वेगळा. त्यात तो बायकांना मारणारा 'यॉर्कशायर रिपर' मोकाट होता. १९८१च्या जानेवारीत पकडला, तोवर आम्ही भारतात परत आलो होतो. पोलीस बायकांनाच सांगायचे, रात्री बाहेर पडू नका. मग बायकांनी १९७७च्या नोव्हेंबरात रात्री मोर्चा काढला. मला रात्रपाळी होती म्हणून गेले नाही. आजही चुटपुट आहे.

एकदा एका गोऱ्या पोराला आणलं, डोकं फुटलेलं. केस असे उभे, शर्टाला पिना. टाके घालायची तयारी करता करता विचारलं, कशावरून मारामारी? म्हणाला, गाण्याच्या कार्यक्रमात ते फ्रंटवाले शिरले, सलाम ठोकायला लागले, आम्ही हुसकलं. मला वाटलं गायक असेल. तर म्हणे नाही, मी भूगोल शिकतो. जाताना 'थँक यू, सिस्टर' म्हणाला आणि माझ्या पायावर ओकला.

क्लॅप्टनची रेकॉर्ड आमच्या ह्यांच्याकडे होती, जीव होता तिच्यावर. पेपरात ते भाषण वाचलं तेव्हा काही बोलले नाहीत. उठून रेकॉर्ड ट्रंकेच्या तळाला घातली, माझ्या शालूच्या खाली. फोडली नाही, पैसे मोजले होते. पुण्याला आल्यावरही कधी काढली नाही. पुढे कधीतरी बोहारणीला गेली असेल. तो लाज वाटते म्हणाला हे मला आज तुमच्याकडून कळलं. ह्यांना कळायला हवं होतं.

मधली_सुट्टी
आज्जी __/\__

बारा_बार_ब्लूज
आज्जी, तुमच्याबद्दल आदर आहे. पण असं धरलं तर प्रत्येकाचीच रेकॉर्ड ट्रंकेत जाईल, ऐकायला काही उरणार नाही. माझे वडील वारले त्या आठवड्यात मी क्लॅप्टनशिवाय दुसरं काही ऐकलं नाही. ते भाषण मला तेव्हाही माहीत होतं. मी काय करायला हवं होतं?

आगाऊ_आज्जी
ऐकायचं. मी कुठे नको म्हटलं? मी आमच्या घरचं सांगितलं.

खडूस_कारकून
धागा गँग ऑफ फोरचा, चर्चा क्लॅप्टनची, हुकमाचं पान आज्जींचं. आणि इथे एका आयडीला अजून वाटतंय की मुद्दा गिटारचा होता. वाचता येत नसेल तर किमान ऐका तरी.

बारा_बार_ब्लूज
कारकून, तुम्ही आयुष्यात एक तरी तार छेडली आहे का? प्रत्येक धाग्यावर दीडशहाणी टिप्पणी टाकून पळायचं, हीच तुमची

संपादक
वरचा प्रतिसाद अर्धा काढला आहे. त्यावर आलेला कारकुनांचा पूर्ण काढला आहे. विषयावर या.

मध्यरात्र_मँचेस्टर
येतो. वय आणि मंच यावरच बोलायचं तर मार्क ई. स्मिथ. द फॉल या त्याच्या बँडमधून साठहून जास्त माणसं आली आणि गेली, नाव तेच, कारण तो तिथे होता. शेवटचा कार्यक्रम नोव्हेंबर २०१७मध्ये ग्लासगोला चाकाच्या खुर्चीत बसून केला. जानेवारीत गेला. त्या दिवशी बँड तंतोतंत वाजला का, हे कुणी विचारत नाही.

उलट याच काळातला एक बँड मी इथे पाहिला, नाव सांगत नाही. सगळे मूळचे सभासद, एकही बदली कामगार नाही. नव्वद मिनिटांत कुणी एकमेकांकडे पाहिलं नाही. ऑफिसातली शुक्रवारची मीटिंग बरी. टणत्कारच्या वर्णनात निदान बासवाली नाचतेय.

पोटमाळा
ठीक. स्मिथचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, कारण तिथे मूळ माणूस होता. पण जाऊ दे.

खरं सांगतो. २०१९ला गिल इंग्लंडमध्ये वाजवत होता तेव्हा मी कामानिमित्त लंडनमध्ये होतो. तिकीट महाग वाटलं, पाऊस होता, पुढच्या वेळी बघू म्हटलं. हॉटेलवर बसून क्रिकेट पाहिलं. म्हणजे मीही पाहिला नाही. म्हणून तुम्ही त्याच्याशिवाय नाचून आलात त्याचा राग आला असेल. असेल म्हणतोय, आला असं नाही.

किंग पुन्हा कुठे गायला आणि मला कुणी फुकट पास दिला, तर येईन. ओव्हनसाठी. मागे हाताची घडी घालून उभा राहीन.

टणत्कार
निरोपाचा दौरा होता रे. आता कुठला पास.

पोटमाळा
निरोपाचे दौरे दर पाच वर्षांनी होतात. बदली कामगार मिळाले की झालं.

आगाऊ_आज्जी
एक विचारायचं राहिलं. तो मायक्रोवेव्ह फोडतात म्हणजे चांगला चालणारा?

टणत्कार
बंद पडलेलाच असावा, आज्जी. मी तिसऱ्या रांगेत होतो, आतला दिवा काही लागलेला दिसला नाही.

बारा_बार_ब्लूज
आमच्याकडे एक आहे बंद पडलेला. पत्ता द्या, पाठवतो.