केमोशिवाय ब्लड कॅन्सर बरा होतो का? अर्जंट मदत हवी आहे

बेचैन_बाप: मुलगी सहा वर्षांची, ब्लड कॅन्सर निघालाय. डॉक्टर म्हणतायत केमो बहुतेक लागणार नाही, औषधांवर होईल. घरचे म्हणतात असं कुठे असतं का, दुसरीकडे हलव. सरळ सांगा, होतं का असं? दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

श्रावणसर: कोणता ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सरचा कोणता प्रकार? एएलएल, एएमएल, एपीएल? त्याशिवाय काय सांगणार.

माईची_लेक: माझ्या भाच्याला एएलएल होता, अडीच वर्षं केमो चालली, आता मस्त शाळेत जातो. घाबरू नका हो. केस आधीच बारीक कापून घ्या, मग गळताना पोरं कमी घाबरतात.

बेचैन_बाप: ताई, केसांचं नाही विचारत मी.

नवा_उजेड: कार-टी सेल उपचाराचं विचारा! स्वतःच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून परत देतात, केमोची गरजच नाही.

तृप्ती_लॅब: अर्धवट सांगू नका. कार-टीच्या आधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड देतात, ती केमोच आहे. आणि मुलांमध्ये ते बी-सेल एएलएल (एएलएलचाच एक प्रकार) उलटला किंवा औषधांना दाद देईना तर. दादा, रिपोर्टमध्ये पीएमएल-रारा लिहिलंय का, एपीएलमध्ये सापडणारा जीन्समधला बिघाड? पहिल्या दिवशी पांढऱ्या पेशी किती होत्या?

नवा_उजेड: मी धीर देतोय तर तुम्हाला चुका दिसतात.

बेचैन_बाप: पीएमएल-रारा पॉझिटिव्ह. पेशी ४,२००. वर एपीएल लिहिलंय.

तृप्ती_लॅब: अहो हे आधी सांगायचं! डॉक्टर बरोबर बोलतायत. एपीएलमध्ये पेशी अर्धवट वाढून अडकतात, एट्रा नावाचं औषध त्यांना पुढे वाढवून पक्व करतं आणि सलाइनमधून दिलेलं आर्सेनिक ट्रायऑक्साइड त्या पीएमएल-रारामुळे बनलेलं बिघडलेलं प्रोटीनच मोडतं. पेशी १०,००० च्या आत असलेल्या मुलांवर केमोशिवाय हेच करून बघितलंय, २०२२ साली निकाल आला, दोन वर्षांनी ९८ टक्के मुलं आजार न उलटता होती. पेशी जास्त असत्या तर इडारुबिसिन या केमोच्या औषधाचे थोडे डोस लागले असते. पण सुरुवातीला रक्तस्रावाचा धोका असतो, आत्ता हलवाहलवीत वेळ घालवू नका.

श्रावणसर: आर्सेनिक म्हणजे विष ना? तेच बाहेरून आणून दिलं तर?

तृप्ती_लॅब: अजिबात नाही!! ईसीजी, पोटॅशियम, मॅग्नेशियम बघत हॉस्पिटलमध्येच देतात, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. दादा, एट्रा सुरू झालं का? ट्रेटिनॉइन नाव असेल.

बेचैन_बाप: परवापासून कॅप्सूल देतायत, हेच नाव. मला वाटलं व्हिटॅमिनची आहे. आज डोकं दुखतंय म्हणते, उलटीही झाली.

तृप्ती_लॅब: आत्ता नर्सला सांगा. एट्राने मुलांच्या डोक्यात प्रेशर वाढू शकतं, आणि रक्तस्राव नाही ना तेही बघावं लागेल. ताप, धाप, एकदम वजन वाढलं तरी लगेच सांगायचं.

बेचैन_बाप: गेलो होतो. डॉक्टर येतायत.